उत्तर बरोबर, गुण शून्य

देसले मॅडमनी मला पहिल्याच चाचणीत शून्य दिलं, आणि तेही बरोबर आलेल्या उत्तराला.

सुरतेच्या उधन्यात कापडाच्या एका दुकानावर जयेशभाईंचा क्लास होता. दर रविवारी तिथे ऊर्जा व्यवस्थापकाच्या सरकारी परीक्षेची तयारी करून घ्यायचे. मोठ्या कारखान्यांना वीज, वाफ आणि इंधनाच्या वापरावर नजर ठेवणारा, ही परीक्षा पास झालेला माणूस ठेवावाच लागतो, आणि सुरतेत कारखान्यांना तोटा नाही. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून इच्छापोरला एका ठेकेदाराकडे राबत होते. माझे वडील धुळ्याकडून येऊन जन्मभर लूमवर उभे राहिले. मला खुर्ची हवी होती. खरं सांगायचं तर एवढाच माझा ऊर्जा व्यवस्थापनाशी संबंध होता.

गणित साधं होतं. वाफेची एक उघडी लाइन आहे, तिच्यावर इन्सुलेशन चढवलं तर वर्षाला किती कोळसा वाचेल? मी सोडवलं. पेपर परत आला तर उत्तराखाली ‘बरोबर’ असं लिहिलेलं आणि शेजारी मोठा भोपळा.

मी उभी राहिले. “मॅडम, उत्तर बरोबर आहे ना?”

“आहे.”

“मग शून्य?”

“त्या लाइनवर कोण उभं असतं, सोनवणे?”

मला प्रश्नच कळला नाही. वर्गात कोणीतरी खुसखुसलं. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “तिथे रोज एक माणूस जातो. व्हॉल्व्ह उघडतो, बंद करतो. तू लाइनीला गोधडी घातलीस. त्याला सांगितलंस का? त्याचं नाव काय?”

“गणितात नाव दिलेलंच नाही.”

“म्हणूनच शून्य. बस.”

मी बसले. कान तापले होते. माझ्या शेजारी अमरावतीचा निलेश ठाकरे बसायचा. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये तो शिफ्ट सुपरवायझर होता आणि परीक्षेच्या बाबतीत आमच्या सगळ्यांत पक्का. तो हळूच म्हणाला, “बाई क्रॅक आहे. फी परत माग.”

पुढच्या चाचणीत त्यालाही शून्य मिळालं.

मॅडम पन्नाशीच्या होत्या. बुटक्या, रुंद बांध्याच्या, केसांचा घट्ट अंबाडा. कुडत्यावर कायम पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट घालायच्या, भर मे महिन्यातसुद्धा. शिरपूरजवळच्या कुठल्याशा गावच्या. आमच्याशी पुस्तकी मराठी, जयेशभाईंशी गुजराती, आणि फोनवर कोणाशीतरी अहिराणी. त्या तिसऱ्या भाषेत आवाजच बदलायचा, मऊ व्हायचा. मधल्या सुट्टीत खिडकीशी उभ्या राहून कळण्याची भाकरी खायच्या आणि जो समोर असेल त्याच्या हातावर, त्याला न विचारता, एक तुकडा ठेवायच्या.

शिकवणं मात्र भयंकर चांगलं. एकदा त्या क्लासमध्ये केरसुणी घेऊन आल्या. म्हणाल्या, “नळीच्या तोंडाशी पांढरा ढग दिसतो त्याला तुम्ही वाफ म्हणता. ते पाणी आहे, बारीक थेंब. खरी वाफ दिसत नाही. जुने बॉयलरवाले जोराच्या वाफेची गळती शोधायला केरसुणी पुढे धरून चालायचे. केरसुणीचे हीर तुटून पडले, की समजायचं इथे आहे.” मग थांबून म्हणाल्या, “केरसुणी विसरलात तर हात पडतो.” आम्ही सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. निलेशने लिहिलेलं खोडून टाकलं. परीक्षेला येणार नाही म्हणे.

त्यांच्या दोन सवयी आम्हाला भारी विचित्र वाटायच्या. एक म्हणजे, कारखाना बघायला गेलो की मालक एसी केबिनमध्ये चहा मागवून वाट बघत असायचा आणि मॅडम आधी बॉयलरच्या शेडमध्ये शिरायच्या. तिथल्या एकेकाला हात जोडून नाव, गाव, घरी कोण, सगळं विचारायच्या. एका प्रिंटिंग मिलचा शेठ शेवटी स्वतः खाली आला. “बेन, ऑडिट मशीननुं करवानुं छे के माणसनुं?” मॅडम म्हणाल्या, “माणसनुं पहेलां.” शेठ हसला. आम्हाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही तिथे नोकरीच्या आशेने गेलो होतो, इस्त्रीचे कपडे घालून.

दुसरी सवय त्याहून वेडी. शिकवता शिकवता फोन वाजला आणि पलीकडून वीज गेल्याचं कळलं, की मॅडम खडू टाकून धावत सुटायच्या. वाक्य अर्धं राहायचं. पर्स राहायची. खाली त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो. एसी चोवीस अंशांच्या खाली नेऊ नका, रिकाम्या खोलीतला दिवा म्हणजे चोरी, असं सांगणाऱ्या बाईला स्वतःच्या घरची वीज गेल्याची एवढी काय पडली होती? निलेश म्हणायचा, मॅडम आइस्क्रीमचा धंदा करतात, माल वितळतो.

अशाच एका मेच्या दुपारी त्या पर्स आणि फोन दोन्ही टाकून गेल्या. जयेशभाई म्हणाले, “वर्षा, तू उधन्यातच राहतेस. तुझ्या पुढच्याच सोसायटीत आहे त्यांचं घर, देऊन ये.”

मी गेले. जिन्यातच भट्टी पेटलेली. वीज परत आली होती. दार ढकललं आणि अंगावर बर्फासारखी हवा आली. पुढच्या खोलीत एक एसी, आतल्या खोलीत दुसरा, दोन्ही सगळ्यात खालच्या आकड्यावर. वरून पंखा. खिडक्यांना जाड गोधड्या ठोकलेल्या. कोपऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची रांग, आणि मॅडम जमिनीवर मांडी घालून एका बॅटरीची तार घासत होत्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आमच्या सबंध वर्गाच्या घरांत मिळून जेवढी वीज जळत नसेल तेवढी या दोन खोल्यांत जळत होती. मला फसवल्यासारखं वाटलं. खरंच राग आला.

मग खुर्चीतला माणूस वळला.

मी ओरडले नाही, पण हातातली पर्स खाली पडली. डावा गाल, मान, उघडी छाती, दोन्ही हात, सगळीकडची कातडी ताणून शिवल्यासारखी, चकचकीत. डाव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. कपाळ तेवढं साबूत होतं, आणि डोळे. डोळे हसत होते.

“ये बेटा, बठ,” ते म्हणाले. “तुले थंडी वाजी राह्यनी का? ती शाल ले.”

मॅडमनी मान वर केली. “हे आमचे भास्करराव,” एवढं म्हणून त्या पुन्हा तार घासायला लागल्या.

भास्कररावांनीच सांगितलं. भाजलेल्या जागी मांडीची कातडी लावतात, तिला घाम येत नाही. घाम नाही तर अंग गार होणार कसं? सुरतेच्या उकाड्यात थोडा वेळ जरी बसले तरी ताप चढतो, चक्कर येते, एकदा तर शुद्ध हरपली होती. “मी म्हणजे इन्सुलेशन घालेल पाइप शे,” ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसले. मॅडम हसल्या नाहीत. “मिलमध्ये फिटर व्हतू. एक व्हॉल्व्ह फुटना. झालं.”

मी घरी येऊन जेवले नाही. डोळ्यांपुढे मिलमालक येत होता, चेहरा नसलेला, पैसे वाचवणारा, जुने व्हॉल्व्ह न बदलणारा. मॅडमचा प्रत्येक प्रश्न मला आता कळला असं वाटलं. त्यांच्या नवऱ्याला कोणीतरी नाव विचारलं नव्हतं. आपल्याला बाईचं गुपित समजलं, आता आपण त्यांच्या बाजूचे, असा एक मोठेपणाही मला आला होता.

तो पुढच्याच महिन्यात उतरला.

त्या रविवारी निलेश फळ्यावर एक उदाहरण सोडवत होता. आठवड्यातून थोडे दिवसच लागणारी वाफेची लाइन कायम तापलेली ठेवतात. ती शनिवारी बंद करून सोमवारी उघडली तर किती वाचेल? निलेशने आकडा काढला, खाली दोन रेघा ओढल्या आणि खडू उडवून झेलला. “मस्त बचत. कोणताही मालक उडी मारेल.”

मी ताडकन म्हणाले, “मालक उडी मारेल आणि भाजेल फिटर. मालकांना काय, त्यांना आकडा दिसतो. मॅडमना विचार, त्यांच्या घरात—”

मला मध्येच कळलं की आपण काय बोलतोय. मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. त्या फळ्याकडे आल्या, निलेशच्या हातातून खडू घेतला आणि फळ्यावर एक आडवी लाइन काढली. लाइनीच्या पोटाशी एक छोटा नळ काढला.

“मालकाने नाही, सोनवणे,” त्या म्हणाल्या. “मी.”

त्यांचा आवाज रोजचाच होता, शिकवतानाचा. “त्या मिलमध्ये मी ऊर्जा व्यवस्थापक होते. हे उदाहरण माझं आहे. लाइन शनिवारी बंद, सोमवारी चालू. त्याआधी तिला नवं इन्सुलेशनही मीच घालून घेतलं. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. बंद लाइन गार होते, आतल्या वाफेचं पाणी होतं. ते पाणी या नळातून आधी काढायचं असतं. न काढता वाफ सोडली, तर वाफ ते पाणी पुढे ढकलत नेते आणि तोफगोळ्यासारखं व्हॉल्व्हवर आदळवते. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, व्हॉल्व्ह काचेसारखा फुटतो.” त्यांनी छोट्या नळावरून खडू आडवा फिरवला. नळ दिसेनासा झाला. “हा नळ माझ्या इन्सुलेशनखाली गेला होता. मी कागदावर आकडा लिहिला, नळ लिहिला नाही. सोमवारी सकाळी व्हॉल्व्ह कोण उघडणार, हे मी विचारलं नव्हतं. ते आमच्या घरातच राहत होते. सकाळी मी त्यांचा डबा भरला होता.”

खाली दुकानात कोणीतरी कापड फाडत होतं, त्याचा टर्रकन आवाज आला आणि मी दचकले. निलेश अजून फळ्याशीच उभा होता, हात पांढरे. त्याला बसावं हे सुचत नव्हतं.

“चौकशी झाली,” मॅडम म्हणाल्या. “कामगाराचा निष्काळजीपणा, असं लिहून आलं. मी वर जाऊन सांगितलं, चूक माझी आहे, तसं लिहा. त्यांनी लिहिलं नाही. मी नोकरी सोडली. आता पुढचं गणित घ्या.”

आणि खरोखरच त्यांनी पुढचं गणित घातलं. कंप्रेसरचं होतं. कोणाच्याही हातून एक ओळ लिहून झाली नाही.

पुढच्या रविवारी काही जण आलेच नाहीत. एकाच्या वडिलांनी जयेशभाईंना फोन केला, की जिने स्वतःच्या नवऱ्याला भाजलं ती बाई काय शिकवणार. जयेशभाई माणूस वाईट नव्हता, पण परीक्षा तोंडावर आलेली. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही म्हणाल तर जाते. पण दुसरा कोण येईल त्याला हा नळ शिकवायला सांगा.” जयेशभाईंनी उरलेल्या आम्हाला सरळ विचारलं, बाई राहाव्यात का.

मला वाटलं होतं, निलेश पहिला उठेल. तो उठलाच, पण म्हणाला, “मी मिलमध्ये या आठवड्यात सगळ्या लाइनी बघितल्या. दोन नळ इन्सुलेशनच्या कोटिंगखाली गाडलेले सापडले. बाई राहतील.” आणि खाली बसला.

मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी दिलेला भाकरीचा तुकडा हातात घ्यायचे, पण तोंडात जायचा नाही. बायको म्हणून, व्यवस्थापक म्हणून, कशी ही बाई रोज त्या चेहऱ्यासमोर बसून जेवत असेल? एका दुपारी राहवलं नाही म्हणून मी त्यांच्या घरी गेले. मॅडम बाजारात होत्या. भास्कररावांनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून म्हणाले, “तिनी सांगं ना तुले समदं?”

मी मान डोलावली.

“येडी शे ती.” पहिल्यांदाच ते हसले नाहीत. “चौकशीवालासनी बरोबर लिखं व्हतं. ती लाइन मीच बसाडेल व्हती. नळ कोठे शे, माले झोपेत बी माहीत. कोटिंग फाडीसन काढता उना असता. पण डाइंगवाला बोंबली राह्यना व्हता, म्हनीसन व्हॉल्व्ह उघडी दिन्हा. चूक मन्ही.”

मागून मॅडमचा आवाज आला. भाजीची पिशवी घेऊन त्या दारातच उभ्या होत्या. “कोटिंग कोनी घाल्हं व्हतं?”

“घाल्हं म्हनीसन काय झायं? फाडानं काम मन्हं व्हतं.”

“सांगानं काम मन्हं व्हतं!”

दोघंही भांडायला लागली. जोरजोरात, अहिराणीत. ती म्हणे माझी चूक, ते म्हणत माझी. मी शाल गुंडाळून मधे बसलेली. माझ्या घरात मी जन्मभर भांडणं ऐकली होती, पण ती सगळी दुसऱ्याच्या माथी चूक मारायची. हे असलं कधी ऐकलं नव्हतं. कोणीच मागे हटेना. शेवटी भास्करराव दमले, त्यांना धाप लागली, आणि मॅडम लगेच उठून ओला टॉवेल घेऊन आल्या. तो त्यांच्या मानेवर ठेवताना त्या अजून पुटपुटत होत्या, “सांगानं काम मन्हं व्हतं.” मला कळलं की हे भांडण आज सुरू झालेलं नाही आणि आज संपणारही नाही.

परीक्षा झाली. निलेश पास झाला, मीही झाले. इच्छापोरला ज्या आवारात मी ठेकेदाराची माणूस म्हणून जायचे, त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात मला ऊर्जा विभागात घेतलं. पेढे घेऊन मॅडमकडे गेले तर त्यांनी पेढा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “सोनवणे, माझी मुलाखत घे.”

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्यांनी केसांना पाणी लावून अंबाडा पुन्हा घातलेला, समोर कोरा कागद. हिमाचलात, पायथ्यापासून वर डोंगरात, एका औषधी कारखान्याला ऊर्जा व्यवस्थापक हवा होता. पन्नाशीनंतर, इतकी वर्षं खडू हातात धरल्यावर, ही बाई पुन्हा उमेदवार होऊन बसली होती. तिचे तळवे ओलसर होते. कागदावर त्यांचे डाग उमटत होते.

मी धीर करून विचारलं, “सुरत का सोडायचीय?”

“तिथे उन्हाळ्यात खिडक्या उघड्या राहतात.”

भास्करराव आतून ओरडले, “तिले सांग, हिंदी सुधार म्हना!”

“आणि मागची नोकरी का सोडली, असं विचारलं तर?” मी म्हणाले. “मॅडम, तेवढं नका सांगू. घरगुती कारण म्हणा. खोटंही नाही.”

त्या ऐकणार नव्हत्या. जिथे विचारलं तिथे त्यांनी खरं तेच सांगितलं.

दुसऱ्या एका कंपनीने ते ऐकून मुलाखत तिथेच आटोपली. व्हिडिओवर होती, समोरचा चेहरा एकदम नाहीसा झाला, म्हणाल्या. हिमाचलवाल्यांनी मात्र दुसऱ्यांदा बोलावलं. तिथला जुना बॉयलरवाला मुद्दाम बसवला होता. त्याने फक्त नळ कुठे कुठे असावेत एवढंच विचारत तासभर घालवला. नोकरी मिळाली. महिन्याभरात बॅटऱ्या विकल्या, गोधड्या उतरवल्या, आणि डिसेंबरच्या एका पहाटे, हवा सोसवेल अशा वेळी, दोघं गेली. मी ड्यूटीवर होते. निरोप द्यायला जाता आलं नाही.

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण कामाचं. मी अडले की विचारायचे, त्या उलट प्रश्न करायच्या आणि ठेवून द्यायच्या. घरचं काही बोलत नसत. विचारायची माझी हिंमत नव्हती.

परवा, मार्चमध्ये, जेवणाच्या सुट्टीत त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आमच्या कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफेच्या परत आलेल्या पाण्याच्या, टाकीचं काहीतरी विचारायचं होतं. मी बॉयलरच्या शेडबाहेर उभी, घामाने पाठ भिजलेली. फोन भास्कररावांनी उचलला. ते बाहेर बसले होते. अंगणात, भर दुपारी, उजेडात. डोक्याला लोकरीची टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मागे दगडी कुंपण आणि त्यामागे नुसतं निळं आकाश. त्या माणसाला मी बाहेरच्या उजेडात कधी बघितलंच नव्हतं. चेहऱ्यावरच्या सगळ्या रेघा उन्हात लख्ख दिसत होत्या आणि त्यांना त्याचं काही नव्हतं.

“मॅडम कुठायत?” मी विचारलं.

त्यांनी चिकटलेल्या बोटांनी फोन हळूच वळवला. कुंपणाला टेकून, पाय पसरून, देसले मॅडम उन्हात झोपल्या होत्या. अंबाडा सुटला होता. तोंड किंचित उघडं, एक हात मांडीवरून घसरून गवतात पडलेला. शेजारी अर्धी सोललेली मटारची टोपली. शेजारून एक कोंबडी चालत गेली तरी त्या हलल्या नाहीत.

फोन पुन्हा वळला. भास्कररावांनी ओठांवर बोट ठेवलं.

“झोपेल शे,” ते कुजबुजले. “मंग कर.”

आणि त्यांनी कॉल बंद केला.